गाऱ्हाण्यात राहून गेलेली हाक

आधीच सांगते, मी टेलिफोन ऑपरेटर होते. उभा जन्म कानाला हेडफोन लावून लोकांची बोलणी जोडून दिली. लाइनवर कुणी नसताना आवाज आला तर आम्ही त्याला क्रॉस कनेक्शन म्हणायचो, भूत नाही. त्यामुळे असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता... आता आहे का, ते वाचून तुम्हीच ठरवा.

लग्नानंतर अण्णांनी — म्हणजे आमच्या ह्यांनी — रत्नागिरीबाहेर, नाचणे गावाच्या पुढे एक प्लॉट बघितला होता. मी तेव्हा पंचविशीतली, वेण्या दोन आणि अक्कल एकीतही नाही. "त्या रानात, कोल्ह्यांच्या शेजारी मी राहायची नाही," म्हणून ठणकावलं आणि मारुती मंदिरच्या नाक्याजवळ, अगदी रस्त्याला लागून घर घ्यायला लावलं. खिडकी उघडली की सगळी रत्नागिरी घरात. मला त्याचं कोण कौतुक. ती दोन वेण्यांची बया आज भेटली तर कान धरून तिला त्याच खिडकीत उभी करीन.

कारण गेल्या वर्षी अण्णांना छोटासा झटका येऊन गेला आणि त्यांची झोपच उडाली. हॉर्न, डीजे, रस्त्याची खोदाई. डॉक्टर म्हणाले, "औषधं देतोय, पण हे झोपले नाहीत तर दुसरा झटका लांब नाही."

मग आम्ही दोघं रिक्षाने शांत वस्ती शोधत फिरायला लागलो. माझी आपली एक पद्धत — थर्मासमधला चहा ओतायचा आणि कप संपेपर्यंत नुसतं ऐकत बसायचं. भाट्याला समुद्र गप्प बसेना. कुवारबावला हायवे. शेवटी नाचण्याच्या पुढे, आतल्या अंगाला, चिऱ्यांच्या गडग्यांनी, दगडी कुंपणांनी वेढलेली एक आळी सापडली. तिथल्या रिकाम्या घराच्या पडवीत अण्णा बसल्या बसल्या डुलकले, कप हातात तसाच. ते घर मी तिथल्या तिथे भाड्याने घेतलं. म्हणजे आले कोल्ह्यांच्याच शेजारी, फक्त चाळीसेक वर्षं उशिरा.

नव्या जागेत राहायचं तर आधी तिच्या राखणदाराला, म्हणजे जागा सांभाळणाऱ्या देवाला, नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं, मोठ्याने मागणं मागायचं, ही आमच्याकडची रीत. आळीच्या तोंडाशी आंब्याखाली त्याचा दगड आहे. गाऱ्हाणं शेजारचे बाळूदादा घालतात, एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर. पण नेमका त्यांचा घसा बसलेला. मी म्हटलं, "द्या इकडे तो नारळ. बोलण्याचाच पगार घेतलाय मी."

आणि घातलं ठोकून. "हे जागेवाल्या महाराजा, आमच्या अण्णांना झोप लागू दे. या घरात बाहेरून, आतून, कुठूनही कसलाही आवाज येऊ देऊ नको."

"व्हय महाराजा," दादा घोगऱ्या आवाजात म्हणाले.

अण्णा झोपायला लागले. तोंडावर तकाकी आली. आणि पहिल्याच आठवड्यात माझी डाळ करपली, कारण कुकरची शिट्टी झालीच नाही. मी बाजूला उभी राहिले की शिट्टी व्हायची, पडवीत गेले की नाही. मासेवाली फाटकाशी ओरडून ओरडून निघून गेली आणि आळीभर सांगत सुटली, म्हातारी हल्ली भाव खाते. एकदा तर मोबाईल टेबलावर कुर्लीसारखा तिरका सरकताना दिसला, खोलीच्या दारातून — आणि आवाज नाही. पुण्याहून मुलाचे फोनवर फोन. समोरासमोर बोललेलं नीट ऐकू यायचं, दुसऱ्या खोलीतलं मात्र काही म्हणजे काही नाही. अण्णांचंही तेच.

वय झालं म्हणून कान तपासून घेतले. डॉक्टर हसले. "आजी, तुमचे कान माझ्यापेक्षा बरे आहेत."

मग एका सकाळी अण्णा मागच्या न्हाणीत आंघोळीला गेले. मी स्वयंपाकघरातून नेहमीसारखा टोमणा हाणला, "अहो, पाणी संपलं की विहिरीत उतरणार आहात काय?" उत्तर नाही. माझ्या टोमण्याला उत्तर न देता हा माणूस जन्मात राहिलेला नाही. आवाज पोचत नाही हे ठाऊक होतं, तरी हातातलं काम टाकलं. उठून मागे गेले. न्हाणीचं दार लोटलं. अण्णा फरशीवर पडलेले, तोंड हलतंय, मानेच्या शिरा ताणलेल्या... आणि आवाज नाही. मी उंबरठ्याच्या आत पाऊल टाकलं, आणि रेडिओ लावावा तशी मधूनच त्यांची हाक सुरू झाली.

"...किती ओरडतोय, बहिरी झालीस काय गो?"

मी त्यांचा पाय हातात घेऊन बघितला. नशीब, पाय मुरगळला होता, बाकी काही नाही.

पाय बांधून झाल्यावर बाळूदादांना सगळं सांगितलं. ते डोकं खाजवत म्हणाले, "वहिनी, तुम्ही सगळेच आवाज बंद करून मागितलात. आणि व्हय मी म्हटलं. म्हणजे अर्धा गुन्हेगार मी."

लगेच दुसरा नारळ. या वेळी दादांचा घसा मोकळा होता, तरी मीच बोलले. "महाराजा, अण्णांची हाक येऊ दे. कुकर येऊ दे, फोन येऊ दे, मासेवाली येऊ दे. नाक्यावरचा गोंगाट तेवढा राहू दे नाक्यावर. मागच्या खेपेला म्हातारी वेंधळेपणाने बोलली, पदरात घे."

"व्हय महाराजा," दादा असे खणखणीत म्हणाले की आंब्यावरचे कावळे उडाले.

घराच्या पायरीशी आले आणि आतून हाक आली, "चहा मिळणार आहे की मीच लंगडत उठू?" खरं सांगते, धावत जाऊन आधण ठेवलं मी.

हे कसं झालं, मला माहीत नाही. मुलगा म्हणतो चिऱ्याच्या भिंती, कानाचे डॉक्टर म्हणतात टेन्शन. भिंती त्याच आहेत आणि टेन्शन घेणारी मीही तीच, पण आता सगळं ऐकू येतं. अण्णांचं घोरणंसुद्धा. ते वगळायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. परवा दुपारी त्यासाठी म्हणून एक नारळ आणलाही. दगडापर्यंत गेले, उभी राहिले... आणि परत आले. त्या नारळाची सोलकढी केली. अण्णा दोन वाट्या प्यायले, आडवे झाले, घोरायला लागले, आणि मी पडवीत बसून ऐकत राहिले.