दहाव्याचे आप्पा

लग्नाचं आमंत्रण चुकलं तर आप्पांना काही वाटायचं नाही, पण कुणाचा दहावा चुकला की दिवसभर अन्न गोड लागायचं नाही. सकाळी कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालून ते काळेवाडीतून निघायचे आणि पवनेकाठचे घाट पालथे घालायचे. पिंडाला कावळा शिवला, महाराजांचं प्रवचन झालं, की आमच्याकडे श्रद्धांजलीची भाषणं होतात. मेलेला बाजूला राहतो आणि माइकवर कोण आधी बोललं, कोण नंतर, यावरून जिवंतांची किंमत ठरते. शेवटी बोलतो तो सगळ्यात मोठा. आप्पा नगरसेवक होते तोवर शेवटी बोलायचे.

"लग्नात कोन आलं न्हाई ते कुनाच्या ध्यानात ऱ्हात न्हाई," त्यांनी मला एकदा समजावून सांगितलं होतं. "दहाव्याला कोन आलं न्हाई ते घरचे मरंस्तोवर इसरत न्हाईत. मतं मांडवात नसत्यात, घाटावर असत्यात."

आप्पा मूळ गाववाले. जमीन कंपन्यांना गेली तेव्हा भावकीनं गाड्या घेतल्या, आप्पांनी राजकारण घेतलं. याला गाडीपेक्षा पेट्रोल जास्त लागतं, असं त्यांच्या बायकोचं म्हणणं होतं. पण माणूस कामाचा होता, हे त्यांच्या शत्रूंनाही कबूल करावं लागायचं. दवाखान्यात खाट मिळत नसली किंवा नळाला पाणी येईनासं झालं, की लोक आप्पांच्या दारात जायचे आणि बहुतेकदा काम होऊनच परतायचे.

मग व्हायचं तेच झालं, भोवती होयबा जमले. आप्पा म्हणाले आज उकडतंय, की भर थंडीत चार जण स्वेटर काढायचे. त्यांचा एक ठरलेला विनोद होता. तो पूर्ण व्हायच्या आधीच सगळे इतके हसायचे, की त्या विनोदाचा शेवट काय होता हे आम्हाला कित्येक वर्षं कळलंच नाही. आप्पांनाही हळूहळू आपण फार विनोदी आहोत असं वाटू लागलं होतं.

न हसणारा एकच माणूस होता, माझे वडील. साताऱ्याकडून येऊन एका कारखान्यात आयुष्य काढलेले, निवृत्त, आणि आप्पांचे समोरासमोरचे शेजारी. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपाशी दोघांची रोज जुंपायची. वडील त्यांना मुद्दाम 'आप्पासाहेब' म्हणायचे आणि दर निवडणुकीला तोंडावर सांगायचे, "आप्पासाहेब, या खेपेलाही मत तुम्हाला नाही हं." आप्पा म्हणायचे, "घाडगे, तुजं मत नगंच मला. तू दिलंस तर लोकांना वाटंल, आप्पात कायतरी खोट हाय." आणि दोघांच्या चहाची ऑर्डर आप्पाच द्यायचे.

मग तो पैलवानाचा दहावा झाला. त्या सकाळी एकाच घाटावर दोन दहावे होते. एक एका आजीबाईंचा आणि दुसरा तालमीतल्या एका जुन्या पैलवानाचा. आप्पा घाईत होते. गर्दी दिसली तिथं घुसले, माइक घेतला आणि भरल्या गळ्यानं सुरू झाले, "ही माउली गेली अन् आमी पोरके झालो. हिच्या हातचं पिठलं खाऊन आमी लहानाचे मोठे झालो." समोर पैलवानाची तीन भारदस्त पोरं मुंडण करून बसलेली. एकानंही हूं की चूं केलं नाही. उलट मागून कोणीतरी "खरंय आप्पा" म्हणालं. वडील त्या गर्दीत होते, ते हसू आवरत नाही म्हणून नदीकडे तोंड करून उभे राहिले.

संध्याकाळी टपरीवर त्यांनी आप्पांना बजावलं, "माझ्या दहाव्याला या, चहा प्या आणि जा. माइक धरायचा नाही. माझ्या जाण्यानं कुठलीही पोकळी निर्माण होणार नाहीये."

"घाडगे, तू आधी मर तर," आप्पा म्हणाले, "मंग बघू."

घरी येऊन वडिलांनी हे मलाही सांगितलं, आणि वर आप्पांना माइक धरू देणार नाही असं माझ्याकडून वचन घेतलं.

पुढे महापालिकेची मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि आप्पा 'माजी' झाले. दहाव्यांना ते जायचेच, पण माइकवरचा त्यांचा नंबर घसरू लागला. आधी शेवटून दुसरे, मग मधेच कुठंतरी, मग नुसतं 'आप्पांचीही उपस्थिती आहे'. त्यांच्या विनोदाला हसणारेही आता शेवटाची वाट बघू लागले. आप्पा म्हणायचे, "खुर्ची गेली म्हनून काय बूड जातं व्हय?" पण हे ते हल्ली फार वेळा म्हणत होते.

अखेर निवडणुका लागल्या आणि त्याच धामधुमीत माझे वडील गेले. सकाळी चहा मागितला आणि चहा येईपर्यंत थांबले नाहीत. फार वाईट वाटलं मला. आजही वाटतं.

निवडणूक आली की मेलेल्या माणसालाही भाव येतो. आयुष्यभर चाळीस माणसं न जमवलेल्या वडिलांच्या दहाव्याला घाट भरून गेला. तिकीट देणारे साहेब स्वतः आले. आप्पांच्या वॉर्डातून तिकीट मागणारा, त्यांच्या निम्म्या वयाचा एक तरुण बिल्डरही आला. आप्पांची ही शेवटची संधी होती. समोर सगळा वॉर्ड, शेजारी साहेब, आणि ज्याचा दहावा तो त्यांचा सख्खा शेजारी. याहून चांगला मोका मिळणार नव्हता.

माझी पंचाईत झाली. नुकतंच मुंडण झालेलं डोकं घेऊन मी चुलत्यांना विचारलं, आप्पांना नको म्हणून सांगू का? ते म्हणाले, "आता वाईटपणा नको. उद्या परत तेच आले निवडून तर?" मी तोंड उघडायचं धैर्य गोळा करत होतो, तेवढ्यात सूत्रसंचालकानं आप्पांचं नाव पुकारलं. कावळा कधीच शिवून उडाला होता. कावळ्याला भाषणं ऐकायची सक्ती नसते.

आप्पा जागचे हलले नाहीत. दुसऱ्यांदा नाव पुकारलं. त्यांनी बसल्या जागेवरून हात हलवून नाही म्हटलं आणि मान खाली घातली. घाटावर कुजबुज झाली. साहेबांनी वळून एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

मग तो बिल्डर उठला आणि दणकून बोलला. बाल्कनीतल्या कढीपत्त्यापलीकडे काहीही न पिकवलेल्या माझ्या वडिलांना त्यानं 'आदर्श शेतकरी' केलं. कुणी हसलं नाही. साहेबांनी मान डोलावली. त्याच आठवड्यात तिकीट त्याला मिळालं.

निवडणूक उरकल्यावर आप्पा मला टपरीवर भेटले. आता त्यांच्याभोवती कुणी नव्हतं. मला राहवलं नाही. म्हटलं, "आप्पा, दोन मिनिटं बोलला असतात तर काय वडील उठून आले असते? तिकीट तुम्हालाच मिळालं असतं."

"गाडीत बसताना सायबांनी इचारलं, आप्पा, थकलात का? म्हनलं, व्हय."

"खरं कारण सांगायचं की."

"काय सांगू? मेलेल्यानं न्हाई म्हनलंय म्हनून?" ते हसले. मग त्यांनी चहावर फुंकर घातली.

"आरं, वीस वर्सं समदी मला व्हय म्हनत आली. आता तीच मानसं त्या पोरापाशी जाऊन व्हय म्हनत्यात. न्हाई म्हननारा एक तुजा बापच व्हता. त्याचं न्हाई बी मी मोडलं असतं, तर माज्याशी कदी कुनीतरी खरं बोललं व्हतं, असं सांगाया काय उरलं असतं?"