जिन्याचा राखणदार

लग्न होऊन मी पिंपळीला आले तेव्हा घरातला लाकडी जिना कुठल्याच एका रंगाचा नव्हता. ट्रॉली रंगवून उरलेला लाल पायऱ्यांना, खिडक्यांचा उरलेला हिरवा त्याच्यावर, आणि बेंदराला बैलांच्या शिंगांना लावून उरलेला हिंगूळ कठड्याला. आमच्या घरात काहीच वाया जात नसे, सगळं जिन्याला जाई. कठडा तर इतका हलायचा की चढणाऱ्यानंच त्याला सांभाळून वर न्यावं लागे.

एका श्रावणात मामंजी, म्हणजे माझे सासरे, त्या कठड्यासकट खाली आले. पायाचं हाड मोडलं. प्लास्टर काढताना बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, कठडा घट्ट असेल तर हळूहळू जिना चढायला हरकत नाही. मामंजींना तेवढंच ऐकायचं होतं. तरुणपणी त्यांनी मेंढरं राखली होती. पुढं ऊस आला, मेंढरं गेली, पण माडीच्या खिडकीतून तो जुना माळ दिसायचा. दिवाळी झाली की मेंढपाळांचे कळप त्या माळावरून कोकणाकडे निघायचे. त्या खिडकीशी मेंढीच्या लोकरीचं जाड जेन अंथरून पडल्याशिवाय त्यांना झोप येत नसे. आता ते खाली सोप्यात टीव्हीशेजारी पडून असत. "येकदा वर गेलो की बरा हुईन," एवढंच म्हणत. त्यांच्याकडे बघून मला फार वाईट वाटे.

म्हणून इंदापूरहून सुतार आणला. त्यानं जिना खरवडायला घेतला. हिरवा निघाला, लाल निघाला, खालून एक निळा निघाला, तो कशाचा उरला होता हे कुणालाच आठवेना. आणि त्याच्याही खालून सागवान निघालं. माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, तिथंच मटकन बसल्या.

"आगं बया! ह्येच्यावर मी आयुष्यभर धुण्याच्या बादल्या आपटल्या!"

त्या क्षणापासून जिना घरातला सगळ्यात मोठा मान्यवर झाला. सुतारानं कठडा नव्यानं बसवला, खिळखिळ्या झालेल्या पायऱ्या बदलल्या, पॉलिश पेपरनं घासून सगळं गुळगुळीत केलं. वॉर्निश वरून लावत खाली यायचा त्याचा बेत होता. आत्याबाईंनी तो हाणून पाडला.

"शुभ काम उतरत उतरत करायचं व्हय? नारळ पायथ्याला फोडलाय, पायथ्यापासनं चढत जावा."

सुतारही गुमान खालून सुरू झाला. आमचे हे डबा धरून त्याच्या मागं. दोघं शेवटची पायरी रंगवून माडीवर पोचले, मागं वळून बघितलं, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. खाली यायला जिना ओला, आणि दुसरा रस्ता नाही. मला इतकं हसू आलं की पदर तोंडात कोंबून मी गोठ्यात पळाले.

माडीला मागच्या अंगाला एक दार होतं, ज्वारीची पोती वर ओढून घ्यायचं. कडब्याच्या गंजीची बांबूची शिडी त्या दाराला लावून दोघांना उतरवलं. सुतार इंदापूरला गेला. शिडी तिथंच राहिली.

आता वॉर्निश कधीच वाळलं होतं. पण जिना असा झळकत होता की त्याच्यावर पाय ठेवायचा कुणाला धीर होईना. आत्याबाईंनी पहिल्या पायरीला आडवं दावं बांधलं. दिवाळीचे पाहुणे येऊन जाऊ द्या, म्हणाल्या. पाहुणे आले, चपला काढून जिन्यासमोर उभे राहिले, लांबूनच मान डोलावून चहा पिऊन गेले. दावं तसंच. माडीवर काही लागलं तर आम्ही शिडीनं जात होतो. मी साडीचा ओचा खोचून, डोक्यावर बाजरीचं घमेलं घेऊन शिडी चढत होते, आणि घरात सागवानी जिना नटून बसला होता. माझा संताप संताप व्हायचा.

पण खरा कहर पुढं झाला. कोंबड्या आणि शेळीची करडं काही दावं मानेनात. तेव्हा जिन्यासमोर खुर्ची टाकून, हातात काठी देऊन मामंजींना बसवलं. ज्यांना वर जाता यावं म्हणून जिना केला, ते खाली बसून जिना राखायला लागले! आणि राखणं त्यांच्या हाडातच होतं. एकदा आमचे हे विसरून पहिल्या पायरीपर्यंत गेले, तर काठी आडवी आली.

"तुमच्यासाठी केलाय की जिना," मी न राहवून म्हणाले.

"व्हय," ते म्हणाले, "पर लई गुळगुळीत हाय पोरी."

एका सकाळी माळाकडून घुंगरांचा आवाज आला. कळप निघाले होते. मामंजी खुर्चीतून उठले, परसात गेले. आत्याबाई गोवऱ्या थापत होत्या.

"आज तरी दावं सोड की. दुपारपतूर मेंढरं जात्याली."

"संक्रांतीचं हळदीकुंकू हुंद्या. बायका यायच्यात जिना बघाय."

मामंजींनी काठी भिंतीला टेकवली, आणि मोडून सांधलेल्या त्या पायानं शिडी चढायला लागले. मी धावत जाऊन शिडी धरली. बांबू करकरत होता. निम्म्यावर त्यांचा पाय लटपटायला लागला आणि ते थांबले. वरही जाईनात, खालीही येईनात.

"अवं, जिन्यानं जावा की!" आत्याबाई ओरडल्या. निम्म्या शिडीवरच्या माणसाला त्या सांगत होत्या! मग तशाच शेणानं भरलेल्या हातापायांनी त्या घरात पळाल्या. आतून दावं तुटल्याचा आणि धाडधाड पायऱ्यांचा आवाज आला. माडीच्या दारात त्यांचं डोकं दिसलं. गुडघ्यावर बसून, वाकून त्यांनी मामंजींचा सदरा मुठीत धरला. मी खालून रेटत होते, त्या वरून ओढत होत्या. एकदाचे ते आत गेले.

घरात आले तर प्रत्येक पायरीवर शेणाचं पाऊल होतं आणि कठड्यावर शेणाची बोटं. वरून आत्याबाईंचं हुंदके देत शिव्या घालणं ऐकू येत होतं, आणि खिडकीतून येणारी घुंगरं. बायका काय म्हणतील म्हणून मी ओलं फडकं घेऊन पहिल्या पायरीशी बसले.

जिन्याच्या माथ्यावर मामंजी येऊन उभे राहिले. एक हात कठड्यावर होता. पाऊल खाली टाकून त्यांनी ते शेणावरच टेकवलं.

"पुसू नगंस, सूनबाई," ते म्हणाले. "आता पाय ठिवायला भ्या वाटत न्हाय."