काकीच्या भाताचा वास

डिसेंबरमधला पहिला सोमवार, सकाळचे पावणेअकरा. जागा: डोंबिवलीच्या ग्रामीण हद्दीतलं आमचं पोलीस ठाणं. हजर: मी, एक हवालदार, एक महिला शिपाई, सहा तक्रारदार आणि सामनेवाली एक, वय सत्तरच्या आसपास. डायरीत नोंद अशीच आहे. नोकरीत खून आणि दरोडे पुष्कळ हाताळले. तरी कुणी एखादी केस सांगा म्हटलं की मला आधी हीच सकाळ आठवते.

सामनेवालीला अख्खा गाव काकी म्हणायचा. तिच्याकडे सुवासिक भाताचं एक जुनं वाण होतं. आसपासचे शेतकरी दर वर्षी तिच्याकडूनच बियाणं न्यायचे. त्या वर्षी तिच्या पुतण्याने पुढाकार घेतला. कारखान्यातून निवृत्त झालेला, हुशार, बोलका माणूस. पाच शेतकरी बरोबर घेऊन त्याने काकीचं बियाणं लावलं आणि ठाण्या-डोंबिवलीच्या सोसायट्यांमध्ये तांदूळ पोहोचवला. तांदूळ शिजला, पण वास येईना. पिशव्या परत आल्या. सहाही जणांचं म्हणणं एकच होतं: काकीने साधा भात मिसळून आम्हाला फसवलं, गुन्हा दाखल करा.

"काकी, खरं सांग. कुणाच्या तरी सांगण्यावरून केलंस ना?" पुतण्या म्हणाला.

"तुला लहानपणी याच भाताची पेज पाजली. तेव्हा नाय विचारलंस, कुठून आणला म्हणून," काकी म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "साहेब, चाळीस वर्सं बियाना देत आलीय. उद्या माझ्या नावावर गुन्हा पडला, तर घरातला उरलेला सगळा कोंबड्यांना घालीन. फसवणारीचा बियाना कोण पेरील?"

ती धमकी नव्हती. बाई तसं करणार, हे चेहऱ्यावर दिसत होतं. आणि ते वाण दुसऱ्या कुणाकडे उरलेलं नव्हतं.

मी लगेच गुन्हा नोंदवला नाही, प्राथमिक चौकशी लावली. तिसऱ्या दिवशी एक निनावी फोन आला. मे महिन्यात काकीच्या दारात टेम्पोतून पोती उतरली होती, म्हणे. हवालदाराने टेम्पोवाला गाठला. पोत्यांत म्हशींची पेंड होती. म्हशींनी ती कधीच संपवली होती, पण दुकानदाराच्या वहीत नोंद सापडली. खबर पोकळ निघाली.

मग मी तालुक्याच्या कृषी कार्यालयातल्या मॅडमना बोलावलं. त्यांनी मला एक गोष्ट समजावली. साध्या तांदळात एक जनुक काम करत असतं. वासाच्या तांदळात तेच जनुक बंद पडलेलं असतं, म्हणून वास तयार होतो. दाण्यातून ते तपासता येतं.

"म्हणजे काम बंद ठेवून नाव कमावणारं," हवालदार म्हणाला. "आपल्या ठाण्यातही दोघे आहेत, साहेब."

"पहिला कोण ते सांग, दुसरा मला दिसतोय," महिला शिपाई म्हणाली.

पंचांसमक्ष तीन नमुने सील केले. काकीच्या कणगीतलं बियाणं, तक्रारदारांचा भात, आणि तुलनेसाठी हवालदाराच्या घरचा साधा तांदूळ. तिन्ही कोकणातल्या एका प्रयोगशाळेत पाठवले. अहवाल जानेवारीत आला. हवालदाराच्या तांदळात ते जनुक चालू होतं. काकीच्या बियाण्यात बंद होतं. आणि तक्रारदारांच्या भातातही बंदच होतं, दाण्यागणिक. भेसळीचा पत्ता नव्हता.

पुतण्या अहवाल दोनदा वाचून म्हणाला, "मग वास गेला कुठे? मशीनला येतो आणि माणसाला येत नाही?"

प्रश्न रास्त होता. मी मॅडमना विचारला. त्या म्हणाल्या, "जनुक इतकंच सांगतं की या भाताला वास येऊ शकतो. पुढे त्याचं काय केलं, ते तुम्ही शोधा."

ते माझं काम होतं. मी कागदावर सहा शब्द लिहिले: पेरणी, पाणी, खत, कापणी, मळणी, साठवण. सहाही तक्रारदारांना वेगवेगळं बसवून प्रत्येक शब्दावर विचारलं. पहिल्या पाच शब्दांवर सहा जणांची सहा उत्तरं आली. कुणाचं शेत खोलगट, कुणाचा भात उशिरा कापलेला, कुणाचा यंत्राने झोडलेला. साठवणीवर मात्र सगळे एकच बोलले: निळे ड्रम.

ड्रम पुतण्याने आणले होते. मानपाड्याच्या भंगारवाल्यांकडे रसायनांच्या कारखान्यांतून निघालेले प्लास्टिकचे निळे ड्रम मिळतात. आमच्या भागात लोक त्यात बिनदिक्कत पाणी भरतात, धान्यही ठेवतात. झाकण घट्ट, उंदीर शिरत नाही.

"धुतले होते का?" मी विचारलं.

"साबणाने तीनदा, साहेब. मी स्वतः घासले," तो अभिमानाने म्हणाला. "वर्षं गेली कारखान्यात. मला ड्रम कळतात."

"आत आधी काय होतं?"

ते त्यालाही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको एकटीच ठाण्यात आली. पदराखाली छोटं मडकं होतं. नव्या भाताचा नैवेद्य दाखवायचा म्हणून तिने त्याच शेतातला, त्याच दिवशी झोडलेला शेरभर भात ड्रममध्ये न घालता मडक्यात ठेवला होता. नंतर भांडण पेटलं आणि नैवेद्य राहून गेला. "त्यांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, तू मध्ये बोलू नकोस," ती म्हणाली.

भात कांडून महिला शिपाईने मागच्या खोलीत शिजवला. दहा मिनिटांत वास ठाणे अंमलदाराच्या टेबलापर्यंत आला. जबाब द्यायला आलेला एक माणूस कशासाठी आलो तेच विसरून आत डोकावला. काकी आणि पुतण्या दोघांना बोलावून घेतलं. पुतण्याने एक घास खाल्ला आणि काकीच्या पायाशी वाकला. काकी म्हणाली, "ऊठ. आधी ते ड्रम घरातून काढ."

तक्रार मागे घेतली गेली. प्लास्टिकमध्ये कुठलं रसायन मुरलं होतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून ड्रममधला भात मॅडमनी खायला बंदी करून ताब्यात घेतला. पुतण्याने सोसायट्यांत दारोदार फिरून उरलेला तांदूळ परत आणला आणि प्रत्येक घरी चूक आपली होती, काकीची नाही, असं तोंडाने सांगितलं. ते सांगायची अट मीच घातली होती.

पोलीस ठाण्यात एखादा मुलगा पकडून आणला की कुणीतरी हमखास म्हणतं, बापही असाच होता. मीही म्हणत असे. या केसनंतर मी ते वाक्य सोडलं. रक्तात काय आहे ते प्रयोगशाळा सांगेल, पण मुलगा कुठल्या ड्रममध्ये वाढला ते जाऊन पाहावं लागतं. उरलेल्या नोकरीत मी आधी घर पाहायला जायचो, जबाब नंतर घ्यायचो.

काकीचा बियाण्याचा व्यवहार पुन्हा सुरू झाला. आता मी निवृत्त झालोय आणि तिचं वाण सरकारदरबारी तिच्या नावावर नोंदवायचं आहे. मॅडमनी अर्ज भरलाय. वाण तिच्या माहेरून आलं, याला जुन्या तीन माणसांचे जबाब जोडायचे आहेत आणि ते काम मी अंगावर घेतलंय. दोन जबाब झाले. तिसऱ्या आजी ठाकुर्लीला लेकाकडे राहतात. दोनदा जाऊन आलो, दोन्ही वेळा त्या झोपल्या होत्या. तो जबाब अजून घ्यायचा आहे.