हे आले की घ्यायची गोळी

आमच्या धाकट्याच्या जन्माला माझा शहाणपणा जबाबदार आहे.

नव्वदच्या आसपास आम्ही भुसावळला रेल्वे क्वार्टरमध्ये राहायचो. हे मालगाडीवर गार्ड, आठवड्यातून जेमतेम दोनदा घरी. लेक तीन वर्षांची, दुसरं इतक्यात नको, म्हणून दवाखान्यातल्या सिस्टरनी मला गोळ्यांचं पाकीट दिलं. "रोज एक. विसरायची नाही!" (लाजेपायी मी ह्यांनाही सांगितलं नाही.)

शेजारच्या मंदाताईंनी घाबरवलं. "रोज खाल्ल्या की पोटात साचतात, बाई! पुढे मूलच होत नाही!"

मी पडले बी.एस्सी. डोकं चालवलं. नवरा घरी दोन दिवस, मग गोळ्या सात दिवस कशाला? हे आले की घ्यायची!

फाटक वाजलं की ह्यांना पाणी द्यायच्या आधी मी स्वयंपाकघरात पळायचे आणि गोळी गिळायचे. एकदा ह्यांनी पाहिलंच.

"काय घेतलंस?"

"डोकं दुखतंय हो!"

पुढच्या खेपेलाही डोकं. त्याच्या पुढच्याही! शेवटी हे ताट सरकवून आपल्या आईला म्हणाले, "अक्का, मी घरात पाऊल टाकलं की हिचं डोकं दुखतं. येऊच नको का मी?" आवाज इतका पडलेला, की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी अक्कांनी मला धरून दवाखान्यात नेलं. "डोक्यासाठी कुठली गोळी घेता?" सिस्टरनी विचारलं. मी रडत रडत सगळं सांगून टाकलं.

सिस्टरनी कपाळावर हात मारला. "अहो, गोळी साचत नाही! बंद केली की मूल होतं. पण रोज घेतली नाही तर उपयोग काय? पाळी कधी आली होती?"

मी दिवस मोजू लागले. दोन्ही हातांची बोटं संपली, पुन्हा पहिल्यापासून धरली, पुन्हा संपली, चौथ्यांदाही संपली...

आता अक्का फाडून खाणार! पण त्या पोट धरून हसत सुटल्या. "गोळी शे का पाव्हनास्ना चहा? मानूस उना का लगेच!" (गोळी म्हणजे काय पाहुण्यांचा चहा, माणूस आला की लगेच!) परतताना मात्र हळूच म्हणाल्या, त्यांच्या वेळी अशी गोळी मिळती तर आठ बाळंतपणं झाली नसती.

ह्यांना सांगितलं, तर आधी लाजले. मग म्हणाले, "म्हणजे माझ्यामुळे दुखत नव्हतं ना?"

वर्षभरानं महिला मंडळात सिस्टरनी मलाच उभं केलं. "ह्या शिकलेल्या आहेत, गोळीची माहिती ह्याच देतील." चार महिन्यांचं बाळ कडेवर घेऊन मी खणखणीत पंधरा मिनिटं बोलले. टाळ्या थांबल्यावर मागून एक आजी उठल्या.

"बाई, तुम्ही ह्याच गोळ्या घेत होत्या का?"

त्या दिवशी एकीनंही पाकीट नेलं नाही!