राखणीचं पार्सल

आमच्या मृणालचं लग्न रत्नागिरीत व्हायचं की कोल्हापुरात, हे शेवटी एका कोंबड्यानं ठरवलं. त्याचं मत विचारलं असतं तर त्यानं बहुधा 'नोंदणी पद्धतीनं उरका' असं सांगितलं असतं, पण त्याला विचारायला तोवर फार उशीर झाला होता.

साखरपुडा कोल्हापुरात झाला. आमचे होणारे व्याही आप्पासाहेब यांनी त्या दिवशी तांबडा-पांढरा असा काही वाढला, की परतताना आंबा घाट संपेपर्यंत मी एक शब्द बोललो नाही. (बोलायला आत जागाच नव्हती.) निघताना ते म्हणाले, "मोहनराव, लगीन हिकडंच करू या. माझी दोनशे माणसं येणार. निम्म्यांना माशाचा नुसता वास आला तरी घास उतरत न्हाई. त्यास्नी रत्नागिरीत काय घालणार तुम्ही जेवायला?"

मृणालचा चेहरा पडला. तिनं मला बाजूला घेतलं. "बाबा, मला आपल्या दारातून जायचंय. माझ्या कॉलेजच्या सगळ्या मैत्रिणी तिकडे आहेत. काहीतरी करा ना."

लेकीनं असं म्हटल्यावर बापाची छाती आपोआप पुढे येते, आणि डोकं मागे राहतं. मी म्हणालो, "आप्पासाहेब, एकदा आमच्याकडे येऊन जेवा. कोंबडी खाऊन बघा आणि मग ठरवा. नाही आवडली तर लग्न कोल्हापुरात." माझ्या बायकोनं, सुनंदानं, हळूच माझ्या पायावर पाय दिला. पण शब्द गेला तो गेला.

माझ्या या आत्मविश्वासाचं मूळ सांगायला हवं. माझी सगळी नोकरी पोफळीच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत गेली. तिथं बाहेर जेवायचं म्हणजे एक कॅन्टीन. जायचं की नाही जायचं, एवढीच काय ती निवड. निवृत्त झाल्यावर आम्ही रत्नागिरीला कुवारबावच्या पुढे फ्लॅट घेतला आणि मला जेवणाचं आकाश मोकळं झालं. आमच्या त्या भागात आज चिऱ्याचे ढीग दिसतात, महिन्याभरात त्या जागी शटर लागतं, शटरवर 'घरगुती चव' अशी पाटी लागते, आणि पाटीचा रंग वाळायच्या आत तिथं टाइल्सचं दुकान येतं. या सगळ्यावर डोळा ठेवणं हा माझा निवृत्तीनंतरचा उद्योग. सोसायटीच्या ग्रुपवर कुणी 'कुठे जेवायला जावं' असं विचारलं, की त्याचं विचारून होण्याआधी माझं उत्तर पोचलेलं असतं.

ठरल्या रविवारी आप्पासाहेब आणि वहिनी सकाळीच गाडी घेऊन आले. सुनंदा म्हणाली, "मी घरी करते." मी म्हणालो, "तू बस. आज सूत्रं माझ्याकडे."

माझ्या मनात एक पक्कं ठिकाण होतं. तिथली कोंबडी मी स्वतः दिवाळीत खाल्ली होती. आम्ही पोचलो, तर तिथं संडासांची भांडी मांडून ठेवलेली. रंगीत, चकचकीत, ओळीनं.  आप्पासाहेबांनी एका भांड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"स्थलांतर झालं असेल," मी म्हणालो.

दुसऱ्या ठिकाणी एसी होता, काचेचा दरवाजा होता आणि टाय लावलेला वेटर होता. वहिनींना बरं वाटलं. आप्पासाहेबांनी विचारलं, "तुमच्यात खास काय हाय?"

वेटर अभिमानानं म्हणाला, "सर, आमची व्हेज कोल्हापुरी ट्राय करा."

आप्पासाहेबांचा जन्म कोल्हापूरचा, त्यांच्या वडिलांचा कोल्हापूरचा, आजोबांचाही कोल्हापूरचा. ते शांतपणे उठले आणि गाडीत जाऊन बसले. तेवढ्यात मृणालचा फोन आला, ती नोकरीला असते त्या पुण्याहून. "बाबा, जेवलात? आवडलं का त्यांना?"

"सुरुवात होतेय," मी म्हणालो आणि फोन ठेवला.  माझी भूक केव्हाच मेली होती.

दीड वाजत आला. मी गाडी आतल्या रस्त्यानं घ्यायला लावली. दोन्ही बाजूंना नुसते प्लॉट, तांबडी माती, चिऱ्याचे थर, मध्येच एखादा काजू उभा. आणि अचानक तो वास आला. लाकडाचा धूर, भाजलेलं खोबरं आणि गावठी कोंबडा. आप्पासाहेबांनी आपण होऊन ब्रेक दाबला.

समोर एका मोकळ्या प्लॉटवर मांडव घातला होता. 'सुस्वागतम्' लिहिलेली कापडी कमान, प्लास्टिकच्या खुर्च्या, लांबलचक टेबलं, कोपऱ्यात तीन दगडांच्या चुलीवर हंडा. पन्नासेक माणसं. आठ दिवसांपूर्वी इथं काही नव्हतं, हे मी छातीठोक सांगू शकत होतो.

"हेच ते," मी म्हणालो. "मुद्दाम शेवटी आणलं."

सुनंदा माझ्या कानाशी आली. "अहो, नाव कुठाय याचं?"

"नावाची गरज नसते अशांना."

कमानीपाशी एक म्हातारे गृहस्थ उभे होते. डोक्याला मुंडासं, कपाळाला गुलाल. गाडीचा कोल्हापूरचा एमएच शून्य नऊ नंबर पाहून त्यांनी हात जोडले. "येवा, बसा. वहाना तेवढ्या भायेर काढा."

मी आप्पासाहेबांना समजावलं, "स्वच्छतेच्या बाबतीत फार कडक."

आम्ही बसलो. मेन्यू नव्हता. मी म्हणालो, "मेन्यू नसतो तीच खरी खानावळ." पाच मिनिटं झाली, दहा झाली, कोणी वाढेना. मी एका पांढऱ्या शर्टवाल्याला हाक मारली. "अहो, पाहुणे लांबून आलेत. किती वेळ?"

तो बिचारा धावत आला. "वाडी दाकवायची हाय अजून. झाला की लगेच वाढतंव."

वाडी म्हणजे नैवेद्य. तोही दाखवला गेला. प्लॉटच्या कडेला एक शेंदूर लावलेला दगड होता, त्याच्यासमोर पान ठेवलं. मग ते म्हातारे पुढे झाले आणि त्यांनी खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं. "बा जागेवाल्या म्हाराजा! लेकराबाळांनी आज जी काय सेवा केली ती मानून घे, कुनाची वाकडी नजर असंल ती दूर कर, आनी घर नीट उबा ऱ्हवूं दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी माणसं एका आवाजात म्हणाली.

इथं माझ्या मनात पाल चुकचुकली. मी कोकणातच जन्मलो. लहानपणी गाऱ्हाणी ऐकली आहेत. पण अलीकडे आमच्याकडे एका हॉटेलच्या दारात बैलगाडी उभी असते, दुसऱ्यात वेटर धोतर नेसून सूप आणतो. आप्पासाहेब विचारत होते, "हे काय हो?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "थीम आहे. रोज असतं."

"लई भारी," आप्पासाहेब म्हणाले. सकाळपासूनचं त्यांचं हे पहिलं चांगलं वाक्य. पालीला मी हाकलून दिलं.

मग पत्रावळी आल्या. तांदळाची भाकरी, भात आणि ती कोंबड्याची सागोती. आप्पासाहेबांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. दुसऱ्या घासाला त्यांच्या कपाळावर घाम आला. तिसऱ्याला ते म्हणाले, "मोहनराव, चुकलो मी."

मला भरून आलं. खरंच आलं. डोळ्यांपुढे आमच्या दारातला मांडव दिसू लागला, मृणालच्या मैत्रिणी दिसू लागल्या. त्या भरात मला जो जोर चढला तो विचारू नका. "अहो, इकडे रस्सा!" "भाकरी गरम आणा!" "कांदा-लिंबू नाही का ठेवत तुम्ही?" पांढरा शर्टवाला प्रत्येक वेळी धावला. कांदा नव्हता, तर कुणाच्या तरी घरून घेऊन आला.

"अहो," सुनंदा पुन्हा कुजबुजली, "इथं आम्हा दोघींशिवाय एकही बाई नाही."

"रविवार आहे. बायका घरी आराम करतात."

तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं तिचं वर्णन मी करणार नाही.

जेवण झालं. आप्पासाहेब तृप्त होऊन म्हणाले, "धाकट्या भावाला दाखवतो घेऊन जाऊन. म्हणावं, कोकणातबी कोंबडं शिजवायला येतंय." माझा ऊर भरून आला. मी उठून उभा राहिलो, हात वर केला आणि अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "अहो, दोन पार्सल करा!"

हंड्यातली पळी थांबली. घास तोंडाकडे चालले होते ते थांबले. चुलीजवळच्या एकाच्या हातातलं लाकूड खाली पडलं. पन्नास माणसं माझ्याकडे बघत होती, आणि कुणाच्याही चेहऱ्यावर राग नव्हता. नुसता धक्का होता. देवळात कुणी चपला घालून गाभाऱ्यात शिरावं आणि पुजाऱ्याकडे चहा मागावा, तसं ते बघत होते.

"पार्सल?" मुंडासेवाले म्हातारे म्हणाले. "राखणीचा पार्सल?"

माझ्या पायाखालची तांबडी माती सरकली. राखण! घर बांधायच्या आधी त्या जागेच्या राखणदाराला कोंबडा द्यायचा, तिथंच शिजवायचा, तिथंच संपवायचा. त्यातलं हाडूकसुद्धा घरी न्यायचं नसतं आणि बायकांनी ते जेवायचं नसतं, हे कोकणात शाळेत न गेलेल्या पोरालाही ठाऊक असतं. मी स्वतः लहानपणी जांभळीखाली बसून राखण जेवलो होतो. पण त्या जांभळीला 'सुस्वागतम्'ची कमान नव्हती हो!

पांढरा शर्टवाला पुढे आला. तोच प्लॉटचा मालक होता. मस्कतहून खास यासाठी आला होता. (आणि मी त्याला कांदा आणायला पिटाळलं होतं.) त्यानं अगदी अदबीनं विचारलं, "तुम्ही कंत्राटदारांचे पाहुणे ना?"

कंत्राटदार पलीकडून म्हणाले, "माझे नाय. माका वाटला, तुमच्या मुंबयच्या काकांचे."

मुंबईचे काका म्हणाले, "छे! मला वाटलं मस्कतचे."

आता सगळे माझ्या उत्तराची वाट बघू लागले. आप्पासाहेबही.  शेवटी सुनंदाच उठली आणि हात जोडून म्हणाली, "माफ करा. आमच्या ह्यांना हे हॉटेल वाटलं."

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कुणी हसलं नाही. आप्पासाहेबांचा चेहरा पांढरा पडला होता. "म्हंजे," ते हळू आवाजात म्हणाले, "आपण न बोलावता देवाचं जेवलो? आणि वर रस्सा मागून घेतला?"

"चार वेळा," वहिनी म्हणाल्या.

मी मनातल्या मनात कोल्हापूरचा हॉल बुक केला.

म्हाताऱ्यांनी मात्र दोन्ही हात वर केले. "बसा वो बसा. राखणीला न सांगता आलेला मानूस आपल्या पायान येत नाय, त्याला जागेवाला आनतो. परत धाडायचा नसतो."

"पण आमच्या बायकाही जेवल्या," मी चाचरत म्हणालो.

"जेवल्या त्या जेवल्या. जागेवाला काय पत्रावळी मोजत बसत नाय. मातर त्याच्या पानावर जेवलात, आता त्याच्यासमोर उबा ऱ्हवायला लागंल." त्यांनी आप्पासाहेबांचा हात धरला आणि त्यांना शेंदरी दगडासमोर नेलं. आप्पासाहेब निमूट गेले. मी पाहिलं, तर सुनंदा म्हाताऱ्यांच्या शेजारी जाऊन त्यांना काहीतरी सांगत होती. म्हातारे मान डोलवत होते.

मग गाऱ्हाणं सुरू झालं. "बा जागेवाल्या म्हाराजा! ही कोल्हापूरची मंडळी आज तुज्या पानावर जेवली, त्यांची काय चूक झाली असंल ती पोटात घाल."

"व्हय म्हाराजा!"

"त्यांच्या घरात लगीन ठरलाय, त्यात काय इगीन येवूं देव नको."

"व्हय म्हाराजा!" आता आप्पासाहेबांचाही आवाज त्यात मिसळला. भीतीनं तो सर्वांत मोठा होता.

"आनी ता लगीन रत्नागिरीत, पोरीच्या बापाच्या दारात, नीट पार पाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आप्पासाहेब डोळे मिटून ओरडले.

मग त्यांनी डोळे उघडले. सुनंदाकडे पाहिलं. दगडाकडे पाहिलं. पण पन्नास माणसांच्या साक्षीनं दिलेला होकार जागेवाल्याकडून परत कसा घ्यायचा, हे कोल्हापुरात कुणी शिकवत नाही.

लग्न रत्नागिरीतच झालं. आदल्या दिवशीच्या जेवणाला हंड्यावर तेच म्हातारे होते आणि मस्कतवाले मालक यजमानासारखे वाढत होते. मृणाल आमच्या दारातून गेली आणि मी पोटभर रडलो.

लग्नाच्या दिवशी हॉलमध्ये आप्पासाहेबांनी माईक हातात घेतला आणि आपल्या दोनशे माणसांना माझी ओळख करून दिली. "हे आमचे व्याही. जेवायला कुठं जायचं ते ह्यांना इचारू नका. नुसतं ह्यांच्या मागनं जावा. हे जिथं चुकत्यात, तिथं जेवान झकास असतंय."

सगळे हसले. मीही हसलो आणि गर्दीतून वाट काढत हात धुवायला निघालो. जिना चढलो, एक दार ढकललं. आत पंगत मांडलेली होती आणि मधोमध एक पाळणा सजवला होता. वरच्या मजल्यावर कुणाचं तरी बारसं होतं. मी घाईघाईनं मागे वळलो, तर जिन्यावर खालपर्यंत फेट्यांची रांग लागली होती. अख्खं कोल्हापूर माझ्या मागून जेवायला आलं होतं.