उकडलेले करांदे

रोह्याहून पेणला येताना एसटीत माझ्या शेजारी कातकरवाडीतला एक बाप बसला होता. मांडीवरची किडकिडीत लेक वेफर्ससाठी रडत होती.

"घेऊन दे रे. अंगणवाडीत वजन कमी भरलाय तिचा, कायतरी खाईल," पलीकडे बसलेली त्याची आई म्हणाली.

त्यानं डबा उघडला, रानातले उकडलेले करांद्याचे कंद सोलले आणि डोळे मिटून चवीनं स्वतःच खाऊ लागला. लेक गप्प झाली.

"तिला भरवत नाही?" मी विचारलं.

"खा बोललो का तोंड फिरवते. बापाला खाताना बघू दे, आपणच मागंल," तो ठामपणे म्हणाला.

वडखळ यायच्या आत लेकीनं त्याच्या हातातला तुकडा ओढून घेतला. ती चावत राहिली आणि तो पुढचा घास हातातच धरून तिच्याकडे बघत राहिला.