कापलेली चार मिनिटं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही. माझ्या एडिटरला अर्धं माहीत आहे, पण त्यानंही पुन्हा कधी विषय काढला नाही. आणि जी माणसं माझा आवाज कानात घालून भांडी घासतात, गाडी चालवतात, रडतात — त्यांना तर नाहीच नाही.

तुम्ही मला ओळखत असाल तर दोनपैकी एका रूपात ओळखत असाल. एक आत्ताचा मी — पॉडकास्टवाला, हळू बोलणारा, पाहुण्याला मधे न तोडणारा. 'इथं कुणी कुणाला हसत नाही' असं प्रत्येक भागाच्या सुरुवातीला म्हणणारा. आणि त्याआधीचा, स्टेजवरचा. नऊवारीचा पदर खोचून, डोक्यावर विड्यांचं सूप घेऊन येणारा. नरसम्माक्का. 'माझी नवरा कुटं नेली?' — हे वाक्य तुम्ही ऐकलंय. रिक्षांच्या मागं वाचलंय. कदाचित तुम्ही स्वतःही कुठल्या लग्नात म्हणून दाखवलं असेल.

ती बाई मी रचली, असं मी मुलाखतींत सांगत आलो. रचली? नावसुद्धा बदललं नव्हतं मी.

नरसम्मा आमच्या शेजारी राहायची. सोलापूरच्या पूर्व भागात, भिंतीला भिंत लागून. घरी विड्या वळायची. नवरा राजण्णा यंत्रमागावर टॉवेल विणायचा. त्यांच्या घरात तेलुगू, आमच्या घरात मराठी, आणि मधल्या बोळात दोन्हींची खिचडी. अक्काच्या मराठीत बाप यायची आणि आई जायचा. मी लहानपणापासून तिच्या घरचा चिंचेचा भात खाल्लाय. हे मी पॉडकास्टवर सांगितलंय, लोकांना फार आवडलं होतं. पुढचं सांगितलं नाही.

मी कॉलेजला होतो तेव्हा राजण्णा मागावरच कोसळला. कारखान्यातल्या माणसांनी त्याला परस्पर दवाखान्यात नेलं. अक्काला मी माझ्या गाडीवर घेऊन गेलो. वॉर्डात पोचलो तर खाट रिकामी. तो गेला होता, त्याला शवागारात हलवलं होतं, आणि आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं. अक्का व्हरांड्यात आली, समोरून येणाऱ्या वॉर्डबॉयला हात जोडले आणि म्हणाली — "साहेब, माझी नवरा कुटं नेली?"

तो वॉर्डबॉय हसला. वाईट माणूस नसावा. हसू आलं, हसला.

आणि मला — खरं सांगायचं तर मला त्या दिवशीचं अक्काचं रडणं आठवत नाही. ते हसू आठवतं. एका वाक्यात, एका दमात आलेलं. मी मनात नोंद केली. मयताच्या दिवशी.

त्याच वर्षी गणपतीत, शेजारच्या मंडळाच्या स्टेजवर, मी ते पहिल्यांदा केलं. दवाखाना काढला, बाजार घातला — नवरा भाजी आणायला गेलाय, दोस्त त्याला दारू प्यायला घेऊन गेलेत आणि बायको शोधतेय. मांडव कोसळला हसून. पुढं कुणीतरी मोबाईलवर काढलेला त्याचा व्हिडिओ फिरला आणि मी सुटलोच. अकलूज, नातेपुते, अक्कलकोट, मग पुणं, मग टीव्ही. गाव कुठलंही असो, ते वाक्य आलं की माणसं खुर्च्या बडवायची. त्या शेवटच्या 'कुटं नेली'ला मी आवाज किंचित फाटू द्यायचो. तो फाटलेला आवाज मी शिकलो नव्हतो, ऐकला होता.

अक्का सुरुवातीला खूश झाली होती. पोरगा टीव्हीवर आला म्हणून बोळात पेढे वाटले तिनं. पण तिनं पूर्ण पाहिलं नव्हतं. पाहिल्यावर ती आमच्या दारात आली. आत ये म्हटलं तरी आली नाही.

"उमेश, लोक मला दारात येऊन विचारतेत रा," ती म्हणाली. "पोरं पळत पळत येऊन विचारतेत. दुसरा काय तर बोल की. ते नको. ते तसला दिवस होता."

मी काय म्हणालो? "अक्का, लोक प्रेमानं विचारतात गं."

आणि त्याच शनिवारच्या प्रयोगात मी ते घातलं. 'दुसरा काय तर बोल की' — कंबरेवर हात ठेवून. मोठा हशा आला. दोन वाक्यं झाली माझ्याकडं.

त्यानंतर अक्का मराठी बोलायची बंद झाली. भाजीवाल्याला बोट दाखवायची. रिक्षावाल्यापुढं लेकीला उभी करायची. मला दिसत होतं — भिंतीला भिंत होती, न दिसून कसं चालेल? मी घर बदललं. काही वर्षांनी ती गेली तेव्हा मी पुण्यात होतो. यायला जमलं असतं.

पण हेही ते नव्हे, जे मला सांगायचंय. तुम्हाला वाटत असेल, एवढं पुरे झालं. मलाही तसंच वाटलं असतं.

स्टेजवरची हवा बदलली. कुणाच्या बोलण्यावर हसणं लोकांना खटकायला लागलं, आणि मला ते इतरांच्या आधी कळलं. मी साडी उतरवली, माइक टेबलावर ठेवला आणि लोकांची दुःखं ऐकायला लागलो. एका भागात नरसम्माक्काबद्दलही बोललो. ती पहिल्या रांगेत बसून माझे प्रयोग बघायची, मरण्याआधी माझ्या डोक्यावर हात ठेवून गेली, असं सांगितलं. ती एकाही प्रयोगाला आली नव्हती.

मग तिच्या लेकीचा मेसेज आला. पद्माचा. पद्मा आता शाळेत शिक्षिका आहे — मराठीच शिकवते. 'उमेशदादा, पाच मिनिटं भेटायचंय,' एवढंच लिहिलं होतं. मी लगेच फोन केला आणि म्हणालो, माइकवरच बोल ना, लोकांनाही कळू दे. ती म्हणाली, "खरंच बोलू देणार तुम्ही?" मी हो म्हणालो.

ती इस्त्रीची साडी नेसून आली. कागदावर मुद्दे लिहून आणले होते. मी आईबद्दल विचारलं तेव्हा ती म्हणाली, "सुरुवातीला आई हसायची. आपल्या बोळातलं पोरगं मोठं झालं म्हणून हसायची." आणि मग कागद बाजूला ठेवून ती चार मिनिटं बोलली.

ते वाक्य कुठल्या दिवसाचं आहे ते सांगितलं. तिच्या वर्गातली मुलं तास सुरू व्हायच्या आधी तेच वाक्य फळ्यावर लिहून ठेवतात, आणि व्याकरणाच्या बाई ते पुसून शिकवायला सुरुवात करतात, हे सांगितलं. शेवटच्या आजारात अक्काला दवाखान्यात नेलं, तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या कुणीतरी ओळखलं — हीच ती. सगळा वॉर्ड बघायला लागला. डॉक्टर विचारत होते, आजी, कुठं दुखतंय? अक्का तोंड उघडेना.

"मी शाळेतून येईपर्यंत आई गप्प पडून होती, दादा," पद्मा म्हणाली. "दुखत होतं तिला. पण कुठं दुखतंय ते मराठीत सांगावं लागलं असतं."

मग म्हणाली, "मला माफी नको. ते वाक्य तेवढं थांबवा. तुमी सांगितलं तर लोक ऐकतील." इतकं शुद्ध बोलणारी बाई, शेवटी 'तुमी' म्हणाली.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते खरं होतं का? मला ठाऊक नाही. डाव्या कॅमेऱ्यात ते नीट येतंय, एवढं मात्र त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं होतं.

एडिटिंगला अझहर बसला. ती चार मिनिटं ऐकून त्यानं हेडफोन काढले. "भाई, यहीच तो असली है. इसको हात नक्को लगाओ," तो म्हणाला. मी म्हटलं, काप. 'मोठं झालं म्हणून हसायची' — इथं थांब, आणि थेट माझ्या डोळ्यांतल्या पाण्यावर ये. त्यानं कापलं. कापलेला तुकडा आणि मूळ फाइल मी स्वतः, माझ्या हातानं डिलीट केली. भागाला नाव दिलं — 'अक्काचा आशीर्वाद'.

माझ्या सगळ्या भागांत तोच सगळ्यात जास्त ऐकला गेला.

पद्माच्या भावानं तिच्याशी बोलणं सोडलं — आईला विकलीस म्हणाला. शाळेतल्या मुलांना आता चोरून लिहायची गरज उरली नाही, बाईच म्हणाल्यात की आई हसायची. हे मला तिनंच फोनवर सांगितलं. न रडता, एकेक करून. मी म्हणालो, तांत्रिक अडचण आली, तेवढाच आवाज खराब झाला होता. "मग परत बोलवा की," ती म्हणाली. बघतो म्हणालो आणि तिचा नंबर ब्लॉक केला.

एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ती माझ्या सोलापुरातल्या स्टुडिओवर आली. आत माझ्यासमोर एक पाहुणा होता, आम्ही मधे चहाला थांबलो होतो, मी त्याला एक किस्सा सांगत होतो. अझहरनं आत येऊन कानात सांगितलं. मी म्हटलं, सांग, पुण्याला गेलेत. दार नीट लागलेलं नव्हतं. बाहेरचं ऐकू येत होतं.

"सर पुण्याला गेलेत," अझहर म्हणाला.

"त्यांचा आवाज येतोय," पद्मा म्हणाली.

ती बाकावर बसली. मला फटीतून तिची पर्स आणि तपासायच्या वह्यांचा गठ्ठा दिसत होता. मी किस्सा थांबवला नाही. पाहुणा खळखळून हसला, मीही हसलो — नेहमीपेक्षा थोडं मोठ्यानं. का? तिनं जावं म्हणून. बऱ्याच वेळानं बाक सरकल्याचा आवाज आला.

"कोण होतं?" पाहुण्यानं विचारलं.

"एक चाहती," मी म्हणालो.

मग दार लावून घेतलं, आणि उरलेला भाग रेकॉर्ड केला. चांगला झाला.